शितावरून भाताची परीक्षा

झरी-जामणी हे नाव पुण्या-मुंबईच्या मित्रांना सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला: "हे एक गाव आहे की दोन?" दोन. झरी वेगळं, जामणी वेगळं, तालुक्याचं नाव तेवढं जोडून. यवतमाळ जिल्ह्याचं दक्षिण टोक. पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद. वस्तीत कोलाम आणि गोंड बरेच.

तर मंडळी, मुद्दा असा की 'प्रेक्षकांना हेच आवडतं' हे वाक्य आपण कायम ऐकतो. चॅनलवाले म्हणतात, निर्माते म्हणतात, आपणही सासू-सुनांना नावं ठेवताना म्हणतो. या प्रेक्षकांत झरी-जामणीचा माणूस कधीपासून धरला गेला? तारीख शोधली तर ऑक्टोबर २०१५ निघते! पण ते पुढे.

त्याआधी मत कळायचं ते पत्रांतून. ७ जुलै १९८४ ला दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली. लेखक मनोहर श्याम जोशी, कल्पना मेक्सिकोच्या मिगेल साबिदोची (करमणुकीतून शिकवण), आणि प्रायोजक मॅगी, जी तेव्हा आपल्याकडे नवीनच होती. त्याच वर्षी देशभर लहान ट्रान्समीटर धडाधड उभे राहत होते, काही महिने तर रोज जवळपास एक. दीडेक वर्षात मालिकेला सुमारे चार लाख पत्रं आली. भागाच्या शेवटी अशोककुमार प्रेक्षकांशी बोलायचे, त्यामुळे लोकांना वाटायचं की दादामुनी आपलं ऐकतायत.

आता गंमत बघा. त्या घरातली आई भागवंती सगळं मुकाट सोसणारी. बायकांनी असं राहू नये हे दाखवायला लिहिलेली. पण कितीतरी प्रेक्षकांना तीच आदर्श वाटली! लेखकाचा हेतू एक, प्रेक्षकाचं मत दुसरं, आणि हे कळलं कारण लोकांनी लिहून कळवलं. अर्थात ज्याला लिहिता येत होतं त्यानेच.

लिहिण्यापलीकडचा मार्गही एकदा वापरला गेला. रामानंद सागरांचं 'रामायण' २५ जानेवारी १९८७ ला सुरू झालं आणि ३१ जुलै १९८८ ला संपलं. राज्याभिषेकानंतरची कथा त्यात नव्हती, म्हणजे वाल्मीकींचा आश्रम, लव-कुश वगैरे. वाल्मीकींना आपलं दैवत मानणारे जालंधर आणि उत्तरेतल्या आणखी काही शहरांतले सफाई कामगार संपावर गेले. ऐन उन्हाळ्यात शहरांत कचरा साचला. सरकार नमलं, पुढचे भाग झाले. मालिकेबद्दलचं मत इतक्या ठामपणे मांडल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

मग केबल आलं आणि पत्रांची जागा मीटरने घेतली. १९९० च्या दशकाच्या शेवटी 'टॅम' आणि 'इन्टॅम' अशा दोन संस्था टीआरपी मोजू लागल्या, पुढे फक्त टॅम उरली. सॅम्पलिंगवर मी हसणार नाही, आमचा धंदाच त्यावर चालतो. शितावरून भाताची परीक्षा होतेच. पण शीत त्याच भांड्यातलं हवं ना? टॅमची मीटरं शहरांत. खेड्यात एकही नाही. ई-टीव्ही मराठीची 'चार दिवस सासूचे' २००१ ते २०१३ चालली, तीन हजारांवर भाग. आमच्या भागात ती घराघरांत बघितली जायची, पण हिशेबात त्यातलं एकही घर नव्हतं.

ऑक्टोबर २०१५ मध्ये 'बार्क'ने ग्रामीण आकडे द्यायला सुरुवात केली. यांचं तंत्र मला आवडतं. चॅनलच्या आवाजात कानाला न कळणारा संकेत मिसळलेला असतो, घरातलं मीटर तो ऐकून नोंद करतं. सुरुवातीला २२,००० घरं आणि देशात टीव्ही असलेली घरं साधारण १५ कोटी. म्हणजे सात हजार घरांमागे एक. झरी-जामणीच्या वाट्याला सरासरीने एखादं. कुठलं घर ते गुप्त असतं, निदान असायला हवं (२०२० चा मुंबईतला टीआरपी घोटाळा आठवत असेलच). असो.

पण ग्रामीण आकडे येताच हिंदीत फुकट दिसणारी चॅनल एकदम वर गेली. आणि मराठीत बघा. २०१६ च्या फेब्रुवारीत 'रात्रीस खेळ चाले' मालवणी ढंगात, ऑगस्टमध्ये 'माझ्या नवऱ्याची बायको'ची राधिका नागपूरची, ऑक्टोबरमध्ये 'तुझ्यात जीव रंगला' कोल्हापुरात, २०१७ मध्ये 'लागिरं झालं जी' साताऱ्याकडे. हा निव्वळ योगायोग असं मला वाटत नाही. पुरावा नाही, अंदाज आहे.

राधिकाबद्दल मात्र आमच्याकडे एकमत कधीच झालं नाही. मुकुटबनची मामी एकही भाग चुकवायची नाही, आणि प्रत्येक भागात कुरकुर: "असं कोन बोलून रायलं बाप्पा आपल्याकडं?" तिचं म्हणणं खरंच होतं. 'करून राहिली' हे प्रत्येक वाक्याला जोडलं की वैदर्भी होत नाही. वणीकडची बोली वेगळी, अमरावतीची वेगळी, आणि नदीकाठच्या गावांत तेलुगू शब्द सर्रास येतात. शिवाय मसाले विकता विकता राधिका ३०० कोटींच्या कंपनीची मालकीण झाली, तेव्हा मामी म्हणे, "आमचा कापूस कोनी घेत नाही, अन् हिचे मसाले पाहा!" पण मीटरच्या हिशेबात मामी म्हणजे खूश प्रेक्षक. टीव्ही रोज चालू होता ना.

आणि शेजारच्या पोडावरचा कोलाम? (पोड म्हणजे कोलामांची वस्ती.) त्याच्या घरात कोलामी बोलतात आणि टीव्हीवर मराठी, हिंदी किंवा पैलतीरावरची तेलुगू लागते. कोलामीत मालिका नाही. तो मराठी लावतो तेव्हा मराठीचा प्रेक्षक वाढतो, तेलुगू लावतो तेव्हा तेलुगूचा.