घेरामागचा गिरणीवाला

भारी नावाच्या कपड्यांचा विषय निघाला की मला ख्रिश्चन डिऑर आठवतो. १२ फेब्रुवारी १९४७ ला पॅरिसमध्ये त्याने पहिलं प्रदर्शन भरवलं: बारीक कंबर आणि पोटरीपर्यंत येणारे घेरदार झगे. युद्धानंतरची टंचाई संपली नव्हती. ब्रिटनमध्ये तर कपडे १९४९ पर्यंत कूपनवरच मिळत. असा झगा घातलेल्या बाईला पॅरिसच्या बाजारात इतर बायकांनी धरून तिचे कपडे फाडले. मला त्यांचा राग येत नाही. मुलांना सदरा शिवायला कापड नाही आणि समोर एकाच झग्यात कित्येक वार!

गंमत म्हणजे, डिऑरला भांडवल पुरवणारा मार्सेल बुसाक कापडगिरण्यांचा मालक होता. घेर वाढला की कापड खपणारच, नाही का? मात्र हौस निव्वळ त्याने विकत घेतलेली नव्हती. वर्षानुवर्षं काटकसरीने नेसलेल्या-शिवलेल्या बायकांना तो घेर हवाच होता.