शिडीचा स्वभाव

ग्रिम बंधूंनी १८१२ साली छापलेल्या कथेत मनोऱ्यात कोंडलेल्या रापुन्झेलचे केस म्हणजे शिडी. चेटकीण त्यांवरून चढते, राजपुत्र चढतो, आणि गुपित फुटल्यावर चेटकीण ते कापून टाकते. रोज केसांना लोंबकळणाऱ्या माणसाचं त्या मुलीला काय वाटत होतं, याची कथेला फिकीर नाही. शिडीला कोण विचारतं? डिस्ने स्टुडिओने २०१०च्या ‘टँगल्ड’ या ॲनिमेशनपटात हीच कथा घेतली तेव्हा मात्र विचारावं लागलं, कारण संगणकाला ‘लांबसडक’ हे विशेषण कळत नाही. त्याला लांबी, जाडी, वजन, घर्षण असं सगळं सांगावं लागतं. या सिनेमातली नायिका ग्रिमच्या नायिकेपेक्षा जिवंत वाटते, ती बरीचशी या हिशेबामुळे, असं माझं म्हणणं आहे.

हा हिशेब सुखासुखी झाला नाही. ‘द लिटल मर्मेड’मधली एरियल आणि ‘ब्यूटी अँड द बीस्ट’मधला बीस्ट ज्यांच्या पेन्सिलीतून उतरले, ते ग्लेन कीन या प्रकल्पामागे अनेक वर्षं होते. २००३ मध्ये त्यांनी स्टुडिओतल्या दोन्ही पंथांच्या, म्हणजे कागदावरच्या आणि संगणकावरच्या, ॲनिमेटरांना एकत्र बसवून कुणाकडे काय आहे याची झाडाझडती घेतली. तो काळ कागदवाल्यांच्या पडझडीचा होता. २००८ मध्ये कीन दिग्दर्शनातून बाजूला झाले आणि ती धुरा नेथन ग्रेनो व बायरन हॉवर्ड यांच्याकडे आली. तरी इतरांनी संगणकावर केलेल्या चौकटींवर कीन डिजिटल पेनने रेघ ओढत राहिले: इथे मान अजून कलू दे, इथे बोटं सैल सोड. दृश्यरूपासाठी आदर्श धरला होता चित्रकार फ्रागोनारच्या झोक्यावरच्या तरुणीच्या चित्राचा, म्हणजे अठराव्या शतकातल्या रंगांच्या मऊपणाचा.

केस मात्र रेघेने आवरण्यातले नव्हते. सुमारे ७० फूट लांबी आणि लाखाहून अधिक केस. ते सगळे सुटेसुटे हलवणं अशक्य, म्हणून काही मोजक्या मार्गदर्शक वक्ररेषा हलवायच्या आणि बाकीच्यांनी त्यांच्यामागे यायचं, अशी युक्ती. केली वॉर्ड या केशगतीच्या अभ्यासक अभियंता त्या कामात होत्या. यातली खरी गंमत म्हणजे भौतिकशास्त्राशी केलेली लबाडी. एवढे केस खरे असते तर पोरीची मान वळली नसती. म्हणून त्यांचा भार हलका केला, जमिनीवर ते सहज सरकतील असं केलं. पण भार पुरता काढला नाही, तो कळण्याइतका ठेवला. त्यामुळे मनोऱ्यात ती केसांची दोरी करते, त्यांवर झोका घेते, तेव्हा अठरा वर्षांच्या कोंडवाड्यात एकटीने शोधलेली कारागिरी दिसते. आणि तिला कोंडून ठेवणारी गॉथेल? तिच्या मायेचा पत्ता केस हाच आहे. मुलीशी बोलताना ती केस कुरवाळते, आणि ते कुरवाळणं पटावं म्हणून केसांना हाताखाली दबावं, घरंगळावं लागतं. तंत्र इथे चुकलं असतं तर खलनायिकेचं ढोंगही उघडं पडलं नसतं.

यावर आक्षेप येईल की हे सगळं नवलाईचं प्रदर्शन आहे. स्वभाव लिहिला जातो पटकथेत. मनोऱ्यातून उतरल्यावर रापुन्झेल क्षणात गवतावर लोळते आणि क्षणात अपराधी होऊन रडत बसते, ते दृश्य लेखकांचंच, हे मान्य. कबूल करायला हवं की तिथे केस गौण आहेत, आणि सिनेमातला तो सर्वांत चांगला अभिनय आहे. शिवाय नाव ‘रापुन्झेल’ न ठेवता बदलणं, चोर फ्लिनला निवेदक करणं, यांत मुलगे प्रेक्षकही यावेत हा व्यापारी विचार होताच. पण प्रदर्शनच करायचं असतं, तर जे घडवायला एवढा खटाटोप केला ते शेवटाआधी कुणी कापलं नसतं. मरणाच्या दारातला फ्लिन आरशाच्या काचेने सपकन वार करतो. सोनेरी केस तपकिरी होतात, मानेपाशी आखूड, वेडेवाकडे उरतात. ग्रिमकडे चेटकीण कापते ती शिक्षा म्हणून; इथे कापणं ही सुटका आहे, आणि केसांच्या जादूवर टिकलेलं गॉथेलचं तारुण्य त्याच क्षणी ओसरतं. फ्लिनला जगवणाऱ्या अश्रूची सोय मात्र ग्रिमचीच, तिथे आंधळ्या राजपुत्राचे डोळे त्यानेच उघडतात. त्यानंतर ॲनिमेटरांच्या हाती उरतो फक्त चेहरा, दोन हात आणि एकदम हलकी झालेली मान.