परक्या भूमीवरचे घर

लासूरगाव निराळे आणि लासूर स्टेशन निराळे. मनमाड आणि सिकंदराबाद यांना जोडणारा निजामकालीन लोहमार्ग आला, स्थानक झाले आणि स्थानकाभोवती वस्ती वाढली. अशा गावाला प्रवासाचे नवल नसते. पूर्वी येथून मुले मुंबई-पुण्याला जात. आता कोणाची मुलगी परिचारिका होऊन आखातात जाते, तर कोणाचा मुलगा शिक्षणासाठी जर्मनी वा कॅनडा गाठतो. निरोप देणाऱ्या आईच्या मनातला प्रश्न मात्र जुनाच आहे: परक्या मुलखात माझे लेकरू मला परके तर होणार नाही ना?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मराठी ख्रिस्ती माणसाला फार दूर जावयास नको. ज्यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’चा आपण अभिमान बाळगतो, ते फादर थॉमस स्टीफन्स हेही कोणा आईबापांचे परदेशी गेलेले लेकरूच होते.

त्यांचा जन्म 1549 च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. कॅथलिक श्रद्धेने जगणे त्या काळी त्या देशात धोक्याचे होते. 1575 मध्ये रोम येथे ते येशूसंघात दाखल झाले आणि 4 एप्रिल 1579 रोजी लिस्बनच्या बंदरातून गोव्याकडे निघाले. 24 ऑक्टोबरला, म्हणजे साडेसहा महिन्यांनी, त्यांचे पाय या भूमीला लागले. त्यानंतर तीनच आठवड्यांच्या आत, 10 नोव्हेंबरला, त्यांनी लंडनमधील आपल्या वडिलांना सविस्तर पत्र लिहिले. हिरड्या सुजून आणि पाय जड होऊन दीडशेहून अधिक प्रवासी आजारी पडले व त्यांपैकी सत्तावीस मरण पावले, हे त्यात आहे. वारे, प्रवाह, मासे आणि पक्षी यांचे वर्णन आहे. माडाची आणि नारळाची ओळखही आहे. पहिल्या पत्रात माणूस जे डोळ्यांना दिसते तेच लिहितो. मनात जे दाटलेले असते ते लिहावयास शब्द अजून सापडलेले नसतात. आज आपली मुले परदेशातून प्रथम बर्फाची आणि उंच इमारतींची छायाचित्रे पाठवितात, त्यामागेही हेच कारण असावे.

चार वर्षांनी, 1583 मध्ये, त्यांनी आपल्या भावाला जे पत्र लिहिले त्याचा सूर पालटलेला आहे. येथील भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिन या भाषांशी मिळतीजुळती आहे, असे निरीक्षण त्यांनी त्यात नोंदविले. विद्वान त्या निरीक्षणाला तौलनिक भाषाशास्त्राच्या दृष्टीने महत्त्व देतात. आपल्याला त्यातली माणुसकी अधिक मोलाची वाटावी. परक्यांच्या बोलण्यात आपल्याच घरच्या भाषांचे नाते दिसू लागले, तेव्हा या माणसाचे परकेपण गळून पडू लागले होते.

हे घडणे सोपे नव्हते. स्टीफन्स ज्या जहाजातून आले, त्याच्या मागे पोर्तुगीज सत्ता उभी होती. साष्टी प्रांतात देवळे पाडली गेली होती, लोकांची मने दुखावली होती. त्याच 1583 सालच्या जुलै महिन्यात कुंकळ्ळी येथे फादर रुडॉल्फ आक्वाविवा आणि त्यांचे सोबती मारले गेले. इतिहास प्रामाणिकपणे वाचावयाचा तर या दोन्ही गोष्टी एकत्र वाचाव्या लागतात. सत्तेच्या आधाराने परदेशात राहणाऱ्याला तेथील लोकांची भाषा शिकण्याची निकड वाटत नाही. स्टीफन्स यांनी मात्र विद्यार्थी होण्याचा मार्ग पत्करला. नवख्रिस्ती कुटुंबांचे पुराणश्रवण सुटले होते. त्यांच्यासाठी त्यांनी ओवीचाच छंद घेतला आणि 1616 मध्ये राचोल येथे सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ छापून प्रसिद्ध झाला. गोव्यास येऊन तेव्हा त्यांना सदतीस वर्षे झाली होती. 1619 मध्ये ते गोव्यातच निवर्तले. मायदेशी ते पुन्हा कधीच गेले नाहीत.

म्हणजे आईची भीती खरी ठरली काय? याचे उत्तर पुन्हा 1583 सालातच मिळते. त्या वर्षाच्या अखेरीस राल्फ फिच, जॉन न्यूबेरी आणि त्यांचे सोबती असे चार इंग्रज गोव्यात कैदेत पडले. ज्या राज्यात दोनच वर्षांपूर्वी फादर एडमंड कॅम्पियन यांना श्रद्धेसाठी देहदंड झाला, त्या राज्याचे हे प्रजाजन. तरीही स्टीफन्स त्यांच्या मदतीस धावले आणि जामिनावर त्यांची सुटका होण्यास हातभार लावला. मराठी शिकत असलेला हा माणूस आपले इंग्रजपण विसरला नव्हता. त्याचे अंतःकरण आकुंचित न होता विस्तारले होते.

बरोबर तीनशे वर्षांनी एक प्रवास उलट दिशेने घडला. 1883 मध्ये आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे त्यांनी जाहीर सभेत सांगितले होते आणि ते पाळले. फिलाडेल्फियाची थंडी, न मानवणारे अन्न आणि ढासळती प्रकृती यांना तोंड देत 1886 मध्ये त्या डॉक्टर झाल्या. मायदेशी परतल्यावर काही महिन्यांतच, 26 फेब्रुवारी 1887 रोजी, त्यांचे पुण्यात निधन झाले. या मुलीला परमुलखात आधार दिला तो न्यू जर्सीतील कार्पेंटर बाईंनी. त्यांनी आपल्या घराचे दार उघडले आणि आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. आनंदीबाईंच्या रक्षेलाही अखेर कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत जागा मिळाली.

स्टीफन्स यांनी परक्यांची भाषा आपली केली. आनंदीबाईंनी आपला आचार सोडला नाही. दोघांचे मार्ग भिन्न असले तरी त्यांचा धडा एकच आहे. परदेशी गेलेल्याने शिकण्याची नम्रता बाळगावी आणि तेथे राहणाऱ्याने दार उघडावे. यांपैकी एक जरी उणे पडले, तरी परकेपण हटत नाही.

आपल्या मराठवाड्याला हा धडा नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सॅव्हॉयच्या डोंगराळ भागातून संत फ्रान्सिस दी सेल्स यांच्या संघाचे मिशनरी येथे आले. घोगरगावचे फादर जाकिये त्यांच्यापैकीच. त्यांना गावाने दार उघडले, म्हणूनच त्यांचे नाव येथल्या घराघरांत राहिले.

तेव्हा लेकरू परदेशी पाठविणाऱ्या आईला मी एवढेच सांगेन: ते बदलेल, परंतु बदलणे म्हणजे दुरावणे नव्हे. त्याला तेथे एखादी कार्पेंटर मावशी भेटो, अशी प्रार्थना आपण अवश्य करू. मात्र आपल्याच फलाटावर बिहार-ओडिशाकडचा एखादा मजूर गाठोडे घेऊन उतरतो, तेव्हा त्याचीही आई कोठेतरी हीच प्रार्थना करीत असते. मिसर देशात परक्यांच्या आश्रयाने राहिलेल्या पवित्र कुटुंबाचे आपण भक्त आहोत. त्या दूरच्या आईची प्रार्थना ऐकली जाणे आपल्या हाती आहे.