सी. रामचंद्र : ढोलकीची लय आणि जॅझ

रामचंद्र नरहर चितळकर ऊर्फ सी. रामचंद्र यांच्याविषयी बोलताना त्यांची वाटणी करण्याची एक रीत आपल्या सुशिक्षित वर्गात रूढ झालेली आहे. 'अनारकली'ला (१९५३) भीमपलासीचे सूर देणारे ते खरे संगीतकार, आणि 'शहनाई' (१९४७) किंवा 'अलबेला' (१९५१) यांतील उडती गाणी म्हणजे धंद्यासाठी केलेली तडजोड, असा हा निवाडा आहे. आम्हांस तो मान्य नाही. ज्या गाण्यांना उडती म्हणून बाजूस सारण्यात येते, त्यांतच मराठी लोकसंगीताची लय आणि अमेरिकेतील निग्रो समाजातून उदयास आलेले जॅझ संगीत यांची गाठ पडली, आणि ती वरवरची नव्हती, असे आमचे मत आहे.

१२ जानेवारी १९१८ रोजी चितळकरांचा जन्म अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांबे येथे झाला. हे गोदाकाठचे, चांगदेवांच्या समाधीचे गाव. विनायकबुवा पटवर्धनांकडे त्यांनी रागदारीचे शिक्षण घेतले. परंतु चित्रपटसृष्टीत ते शिरले ते नट म्हणून, वाय. व्ही. राव यांच्या 'नागानंद' या चित्रपटातून. नट म्हणून जम बसला नाही. मग मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये हार्मोनियमची साथ करणे आले. संगीतदिग्दर्शक म्हणून त्यांची पहिली कामगिरी मराठीतली नव्हे, हिंदीतलीही नव्हे. भगवान आबाजी पालव यांनी दिग्दर्शित केलेल्या 'वनमोहिनी'सारख्या (१९४१) तामिळ चित्रपटांपासून त्यांचा आरंभ झाला. हिमायतनगरसारख्या वस्तीत, जेथे एकाच गल्लीत मराठी, तेलुगू आणि उर्दू कानांवर पडतात, तेथे राहणाऱ्या आम्हां मराठी माणसांना या गोष्टीचे विशेष नवल वाटू नये. परभाषेत चाल बांधणाऱ्यास शब्दांच्या अर्थाआधी त्यांचे वजन ऐकावे लागते, आणि ही सवय त्यांच्या पुढील कामात ठायी ठायी दिसते.

आता जॅझकडे वळू. १९३५ साली लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाचे पथक मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आले, आणि तेव्हापासून मुंबईत या संगीताने मूळ धरले. ते खऱ्या अर्थाने येथे रुजविले मात्र गोमंतकीय वादकांनी. चर्चशी जोडलेल्या शाळांतून पाश्चात्य स्वरलेखन शिकलेले हे वादक रात्री हॉटेलांत आणि दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांत वाजवीत. १९४९ च्या दारूबंदीच्या कायद्याने मुंबईतील हॉटेलांची रया गेली, तेव्हा त्यांपैकी अनेकांना चित्रपटांचाच आधार उरला. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ (१९१६–१९६७) हे त्यांतील एक अग्रगण्य ट्रंपेटवादक. 'चिक चॉकलेट' या नावाने ते प्रसिद्ध होते, व लोक त्यांना हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. सी. रामचंद्रांचे साहाय्यक म्हणून त्यांनी काम केले. स्वतः रामचंद्रांवर बेनी गुडमन या क्लॅरिनेटवादकाच्या वाद्यवृंदाची छाप होती. सॅक्सोफोन, गिटार आणि तोंडाने वाजवावयाचा हार्मोनिका यांचा मेळ, आणि 'शहनाई'तील 'संडे के संडे'मध्ये चक्क शीळ, हे सारे त्यांनी आणले.

परंतु वाद्ये आणणे म्हणजे संगीत आणणे नव्हे. 'समाधी'तील (१९५०) 'गोरे गोरे' ही चाल एका अमेरिकन चित्रपटातील 'चिको चिको' या गाण्यावरून उचललेली आहे. तिला आम्ही मिलाफ म्हणणार नाही, ती उसनवारी होय. मिलाफ पाहावयाचा तर 'पतंगा'तील (१९४९) रंगूनच्या टेलिफोनचे गाणे ऐकावे. शमशाद बेगम आणि स्वतः चितळकर यांनी ते गायिले आहे. नवरा रंगूनला, बायको डेहराडूनला, आणि संवाद तारेवरून. आता पेशवाईतील लावणी आठवा : धनी मोहिमेवर गेलेला आणि घरी विरहिणी झुरते आहे. विषय तोच, मोहिमेच्या जागी व्यापार आला आणि जासुदाच्या जागी टेलिफोन. त्यात तमाशातील बतावणीचा खट्याळपणा आहे, प्रश्नाला उत्तर आणि उत्तराला टोला आहे. असे गाणे गाण्यासाठी घोटलेला गळा नको, बोलका गळा हवा. गायक म्हणून 'चितळकर' हे नाव लावणाऱ्या या माणसाचा गळा तसा होता.

'अलबेला'तील 'शोला जो भडके' हे याच्याही पुढचे पाऊल. बाँगो, ट्रंपेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन ही सारी सामग्री परदेशी; पण गायकाने ओळ टाकावी आणि वाद्यांनी ती झेलावी ही रचना आपल्या कानांना परकी वाटत नाही. शाहिराच्या मागे उभा असलेला झीलकरी दुसरे काय करतो? जॅझमध्ये एकाने साद घालावी व इतरांनी प्रतिसाद द्यावा ही पद्धत मूळची आफ्रिकी श्रमगीतांतून आणि प्रार्थनागीतांतून आली. म्हणजे दोन्हीकडे उगम समूहगायनाचाच. निरर्थक अक्षरांचेही तसेच. आर्मस्ट्राँगने निरर्थक अक्षरांनी गाणे सजविले, आमच्या ढोलकीवाल्याचे बोल तरी कोणत्या कोशात सापडतात? 'आशा'तील (१९५७) 'ईना मीना डीका' हे गाणे मुलांच्या खेळातील बडबडीवरून सुचले आणि जॉन गोम्स या गोमंतकीय साहाय्यकाने तीत कोकणीतील 'मला नको' या अर्थाचे दोन शब्द घातले, असे सांगतात. इंग्रजी बडबडगीत आणि कोकणी नकार यांवर साऱ्या हिंदुस्थानाने ठेका धरला!

त्या काळी या संगीताला विरोध झाला तोही एका विद्वान मराठी गृहस्थाकडून, हा योग चमत्कारिक आहे. १९५२ साली माहिती व नभोवाणी खाते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे आले, आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. शास्त्रीय संगीताची त्यांची कळकळ खरी होती, आणि त्यांनी त्या संगीताला दिलेल्या आश्रयाचे ऋण नाकारता येणार नाही. मात्र श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, आणि १९५७ साली विविध भारती सुरू करणे सरकारला भाग पडले. केसकरांना या गाण्यांत परकीयांचे अनुकरण दिसले. त्यांतील ढोलकी त्यांना ऐकू आली नाही. आम्हां शिक्षकांचेही बहुधा असेच होते. स्नेहसंमेलनात मुले भगवानदादांच्या पावलांवर नाचतात तेव्हा आपण टाळ्या देतो, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात लोकसाहित्य शिकविताना त्या नाचाचा उल्लेख करीत नाही.

रामचंद्रांच्या उत्तरायुष्यातील १९६३ चे देशभक्तिपर गीत सर्वांच्या ओठी आहे. त्याविषयी येथे लिहिण्याचे कारण नाही. 'घरकुल' (१९७०) या मराठी चित्रपटातील त्यांची गाणीही घराघरांत पोचली. १९७७ साली 'माझ्या जीवनाची सरगम' हे आत्मचरित्र त्यांनी प्रसिद्ध केले, आणि ५ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

त्यांच्या गोमंतकीय साथीदारांची नावे मात्र फारशी कोणास ठाऊक नाहीत. चालीचे श्रेय चालकाराचे हे खरेच; पण तुतारीने कोठे उठावे आणि सॅक्सोफोनने कोठे थांबावे हे कागदावर लिहून देणारा हात दुसऱ्याचा असे, आणि त्या काळच्या श्रेयनामावलीत या हातांना क्वचितच जागा मिळे. 'अलबेला'तील 'दीवाना परवाना' हे गाणे पाहण्याचा योग आला, तर नाचणाऱ्यांवरून दृष्टी काढून मागील वादकांकडे पाहावे. झालरीच्या बाह्यांचे अंगरखे घातलेल्या त्या ताफ्यात ट्रंपेट घेऊन चिक चॉकलेट स्वतः उभे आहेत.