ज्योचं लग्न

मंडळी, आज एका लग्नाबद्दल लिहिते आहे. लग्न पुस्तकातलं आहे, दीडशे वर्षांपूर्वीचं आहे, आणि वाचणाऱ्या बायकांचं अजूनही त्यावर एकमत होत नाही.

शांता शेळके यांचं 'चौघीजणी' तुमच्यापैकी बऱ्याचजणींनी वाचलं असेल. मी ते कॉलेजात असताना वाचलं. वाचनालयाची प्रत, शिवण उसवलेली, मागच्या पानावर कोणाकोणाची नावं. मूळ पुस्तक लुइझा मे अल्कॉट या अमेरिकन लेखिकेचं, 'लिटल वुमेन'. मेग, ज्यो, बेथ, ॲमी या चार बहिणी. वडील युद्धावर, घरात पैशांची ओढाताण, आई सगळं सावरते आहे. दोन नंबरची ज्यो आम्हा सगळ्यांची लाडकी. धसमुसळी, तापट, माळ्यावर बसून लिहिणारी आणि गोष्टी विकून घरात चार पैसे आणणारी. शेवटी तिचं लग्न होतं ते वयाने बऱ्याच मोठ्या अशा एका जर्मन प्रोफेसरशी. कितीजणींचा तेव्हा हिरमोड झाला असेल!

हे लग्न ठरलं कसं, ते ऐकण्यासारखं आहे.

लुइझाचे वडील मोठे विचारवंत, पण कमाईच्या नावाने आनंद. घर चालायचं ते आईच्या कष्टांवर आणि लुइझाच्या लेखणीवर. १८६८ साली प्रकाशकाने मुलींसाठी पुस्तक लिहा म्हणून तिच्यामागे लकडा लावला. तिला मनापासून हौस नव्हती. बहिणींखेरीज आपल्याला फारशा मुली माहीतच नाहीत, असं तिने रोजनिशीत लिहिलं आहे. म्हणून तिने आपल्या घरातल्याच चौघी घेतल्या. पहिला भाग भराभर खपला आणि वाचकांची पत्रं सुरू झाली. या मुली लग्न कोणाशी करणार? ज्यो आणि शेजारचा लॉरी यांचं जमवा की! लुइझाच्या मनात ज्योला बिनलग्नाची लेखिका ठेवायचं होतं. ती स्वतः तशीच राहिली. १८६९ च्या दुसऱ्या भागात तिने ज्योचं लग्न लावलं खरं, पण लॉरीशी नाही. थोडं वाचकांचं ऐकलं, थोडा आपला हट्ट ठेवला.

एक शहाणपण मात्र तिने आधीच केलं होतं. एकरकमी पैसे घेऊन मोकळी न होता पुस्तकाचा हक्क तिने स्वतःकडे ठेवला. घरावरची कर्जं त्यातूनच फिटली.

सिनेमावाल्यांनी ही गोष्ट पुन्हा पुन्हा केली. १९१७ आणि १९१८ चे मूकपट आज कुठे शिल्लक नाहीत. १९३३ साली, ऐन मंदीत, कॅथरीन हेपबर्न ज्यो झाली. १९४९ च्या रंगीत चित्रपटात एलिझाबेथ टेलर ॲमी होती. (त्याच वर्षी आमच्या इथल्या निर्वासितांच्या कॅम्पला उल्हासनगर हे नाव मिळालं.) १९९४ साली गिलियन आर्मस्ट्राँग या बाईंनी दिग्दर्शन केलं. काळ बदलला, नट्या बदलल्या, पण शेवट तोच. पाऊस, छत्री आणि प्रोफेसर.

आपल्याकडेही ही गोष्ट आली. १९८७ साली अमोल पालेकरांनी दूरदर्शनसाठी हिंदीत 'कच्ची धूप' ही मालिका केली, ती याच कादंबरीवरून. सांगलीच्या पटवर्धनांची भाग्यश्री त्यात पहिल्यांदा दिसली, आशुतोष गोवारीकरही होता. परदेशातलं घर एकदम आपल्या घरासारखं दिसायला लागलं.

ग्रेटा गर्विगचा २०१९ चा चित्रपट मला वेगळा वाटला तो शेवटामुळे. त्यातली ज्यो प्रकाशकासमोर बसते. तो म्हणतो, नायिकेचं लग्न लावा, नाहीतर पुस्तक खपणार नाही. ती लग्न देते आणि त्या बदल्यात पैशांची घासाघीस करते, हक्क मात्र सोडत नाही. पाऊस आणि छत्री आहेतच, पण ते खरं घडलं की नुसतं पुस्तकात लिहिलं, हे आपलं आपण ठरवायचं. शेवटी ती छापखान्यात उभी राहून आपल्या पुस्तकाची बांधणी बघते. लुइझाच्या आयुष्यातला व्यवहार असा पडद्यावर आला.

शांताबाईंची इथे आठवण येते. त्याही अविवाहित राहिल्या. पत्रकारिता, प्राध्यापकी, कविता, चित्रपटगीतं, अनुवाद, सगळं केलं. लेखणीवर जगणाऱ्या मुलीची गोष्ट मराठीत आणायला त्यांच्याइतकं योग्य कोण होतं?

आता आमच्या घरातलं थोडं. ताईला विचारून लिहिते आहे.

आम्ही तिघी बहिणी आणि एक भाऊ, राहायला उल्हासनगर चार नंबरला. आसपासच्या बराकींतून सिंधी बायका पापड लाटून घराला हातभार लावायच्या, त्यामुळे बाईने कमावणं आम्हाला नवं नव्हतं. वडिलांचा कारखाना बंद पडला तेव्हा ताई एकोणीस वर्षांची. ती नोकरीला लागली. विठ्ठलवाडीहून सकाळची लोकल, संध्याकाळी परत, हातात भाजीची पिशवी. माझं बी. ए. तिच्या पगारावर झालं. तिला स्थळं आली, पण 'धाकट्यांचं होऊ दे' म्हणता म्हणता यायची थांबली. ज्योच्या लग्नासाठी अनोळखी मुलींनी पत्रं लिहिली. ताईच्या लग्नाचा विषय आमच्याच घरात हळूहळू कोणी काढेनासं झालं. तिच्या पैशांनी दुरुस्त केलेलं घर वडिलांच्या नावावर होतं, मग ते भावाच्या नावावर झालं. भांडण झालं नाही, कारण कोणी काही विचारलंच नाही.

निवृत्त झाल्यावर तिने फंडाच्या पैशांतून बदलापूरला एका खोलीचं घर घेतलं. दारावर फक्त तिचं नाव.

तो चित्रपट आम्ही दोघींनी तिच्याच घरी बघितला. मी विचारलं, "ताई, ज्योचं लग्न व्हायला हवं होतं का गं?"

ती म्हणाली, "ते तिचं ती बघेल. कागद तिच्या नावावर झाला ना? मला ते कळायला साठ वर्षं लागली."

आमच्या पिढीच्या मुली ज्योचं लिखाण, तिचा स्वभाव, तिने आईसाठी विकलेले केस, सगळं लक्षात ठेवून होत्या. हक्काची गोष्ट पुस्तकात नव्हती, ती पुस्तकाच्या करारात होती, आणि तो आम्हाला कोणी वाचून दाखवला नाही. भाच्यांनो, पुतण्यांनो, पुस्तक वाचा, चित्रपटही बघा. आणि तुमच्या घरात अशी एखादी ताई, आत्या, मावशी असेल, तर तिच्या नावावर काय आहे ते एकदा विचारा. ती आपण होऊन सांगणार नाही.