आंदर मावळाची पश्चिम हद्द व तिचें समुद्रांतील दप्तर

मावळाच्या इतिहासाचीं साधनें म्हणजे महजर, वतनपत्रें, तकरारी आणि निवाडे, अशी आपणां सर्वांची नेहमींची समजूत. प्रस्तुत टिपणांत ज्या साधनाकडे आम्ही लक्ष वेधूं इच्छितों तें मुंबईच्या पश्चिमेस, समुद्राच्या तळाखालीं दडलेलें आहे. प्रश्न मात्र आपल्या नेहमींच्याच जातीचा, म्हणजे हद्दीचा आहे : आंदर मावळाची पश्चिम हद्द कोणी घातली?

कुसूर घाटाच्या माथ्यावर किंवा खांडीच्या पठाराच्या टोकाशीं उभें राहिलें असतां पायांखालचा मुलूख एकदम तुटतो व सुमारें दोन हजार फूट खालीं कोंकण दिसूं लागतें. पश्चिम समुद्र तेथून अवघा पंधरा-वीस कोस. असें असूनहि आंध्रा नदी या कड्याकडे पाठ फिरवून पूर्वेस वाहते, आणि इंद्रायणी, भीमा व कृष्णा यांच्या संगतीनें थेट पूर्वसमुद्रास मिळते.

या कड्यास एके काळीं समुद्राच्या लाटा लागत होत्या व कोंकण मागाहून पाण्यांतून वर आलें, असें परशुरामाची कथा सांगते. एकोणिसाव्या शतकांतील कांहीं भूशास्त्रज्ञांनींहि सह्याद्रीस समुद्रानें कोरलेला कडाच मानलें होतें. आमच्या कोंकणांतील सभासदांनीं क्षमा करावी. हें मत आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. समुद्र जेथें वस्ती करतो तेथें शिंपले, वाळू व गाळ यांची साक्ष ठेवून जातो. कर्जतच्या सपाटीवर तशी साक्ष मिळत नाहीं. मावळांत जो काळा पाषाण आहे तोच तेथेंहि आहे. शिवाय मुंबई बेटावर वरळीकडे, ज्वालामुखीच्या दोन थरांमधील शिळांत, बेडकांचे सांगाडे सांपडले. त्यांचें वर्णन रिचर्ड ओवेन यांनीं १८४७ सालीं केलें. बेडूक गोड्या पाण्यांतला प्राणी. त्याअर्थीं त्या काळीं तेथें समुद्र नसून तळीं होतीं.

मग हद्द घातली कोणी? हा काळा पाषाण सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वीं रसरूपानें पसरला. तेव्हां पश्चिमेस जमीन पुढें चालूच होती, आणि आज आफ्रिकेच्या बाजूस असलेलीं सेशेल्स बेटें तिच्याशीं जोडलेलीं होतीं. त्यानंतर तीस-चाळीस लक्ष वर्षांत ही जमीन उभी फाटली. फाटलेली कड वर उचलली गेली. तिच्या बाहेरचा भाग थंड होत होत खचला. आंदर मावळांत दगडाचे थर बस्त्यांतल्या कागदांसारखे सपाट रचलेले दिसतात. पनवेलपासून पुढें तेच थर समुद्राकडे कलंडलेले आढळतात. कडा मूळचा किनाऱ्याजवळ होता व कोंकणांतील ओढ्यांनीं पाऊसकाळीं कुरतडीत तो पूर्वेस मागें सारला, हें मत आम्हांस अधिक पटतें. किती मैल सारला याविषयीं पंडितांत एकवाक्यता नाहीं.

त्या झिजेचा जमाखर्च समुद्रांत आहे. १९७४ सालीं मुंबईच्या पश्चिमेस सुमारें शंभर मैलांवर, मुंबई हाय येथें, तेल लागलें. तेथें व आसपास पाडलेल्या विहिरींमुळें हें दप्तर प्रथमच नीट उलगडलें. सर्वांत खालीं मावळचाच काळा पाषाण. त्यावर वाळू, चिखल व कोळशाचे पट्टे. त्यांस पन्ना थर म्हणतात. मग वसईच्या नांवानें ओळखली जाणारी चुनखडी व तिच्यावर चुनखडीचेच आणखी थर, आणि सर्वांवर चिंचणीच्या नांवाचा जाड चिखल. चुनखडी स्वच्छ, उथळ पाण्यांत वाढते. चिखल आला कीं ती गुदमरते. जमीन खचत गेल्यानें थरांस जागा झाली, थरांच्या भारानें ती आणखी खचली, आणि गाळ कोठें पडावा हें समुद्राच्या पातळीनें ठरविलें. येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें नोंदली पाहिजे, ती ही कीं, या भागांत आलेल्या चिखलांत मोठा वांटा नर्मदा-तापींसारख्या मोठ्या नद्यांचा. सह्याद्रीच्या आखूड नद्यांचा त्या मानानें लहान.

हें दप्तर अखंडहि नाहीं. सुमारें वीस हजार वर्षांपूर्वीं, पृथ्वीवर बर्फ सांचलें असतां, समुद्र आजच्याहून सुमारें चारशें फूट खालीं होता. मुंबईसमोरची विस्तीर्ण समुद्रबूड जमीन बहुतेक उघडी पडली. नद्यांनीं तिच्यावर पात्रें कोरलीं, आधींचे थर खरवडले व गाळ खोल पाण्याकडे नेला. समुद्र चढल्यावर मुखें भरून आलीं आणि गाळ किनाऱ्याजवळ अडूं लागला. असें पूर्वींहि अनेकदां घडलें. म्हणून थराच्या जाडीवरून सरळ वर्षें मोजणारा मनुष्य मधलीं पानें फाटलेल्या बखरीवरून शकावली बनविणाऱ्याइतकाच फसतो.

मुंबईस प्रिन्सेस डॉक खणतांना, १८८० पूर्वींच्या दोन-तीन वर्षांत, चिखलाखालीं शेंकडों झाडांचीं खोडें निघालीं. पुष्कळ उभीं, मुळें खालच्या जमिनींत घट्ट. जमीन खचली कीं समुद्र चढला? चिन्ह दोहोंचें एकच. येथें पोथ्या पडताळण्याची आपली रीत उपयोगी पडते. एका ग्रंथाच्या सर्व प्रतींत एकाच ठिकाणीं मजकूर तुटला असेल तर तूट मूळ प्रतींतली. एकाच प्रतींत असेल तर ती लेखकाची किंवा वाळवीची. तद्वत् जगांतील दूरदूरच्या किनाऱ्यांवर एकाच काळाची तूट आढळल्यास समुद्र हलला असें बहुधा समजावें. एकाच किनाऱ्यावर आढळल्यास प्रथम जमिनीकडे पाहावें. मुंबईच्या खोडांविषयीं मात्र दोन्ही कारणें एकत्र असणें शक्य आहे, आणि एकच निवडण्याची घाई आम्ही करीत नाहीं.

१९२२ सालीं या हद्दीस मनुष्यानें छेद दिला. टाटांच्या आंध्र व्हॅली कंपनीनें ठोकळवाडी येथें आंध्रा अडवून तिचें पाणी बोगद्यानें कड्याखालीं भिवपुरीच्या वीजगृहांत सोडलें. तेथून तें उल्हास नदीच्या वाटेनें पश्चिम समुद्रास जातें. पाणी फिरलें, मावळची माती बहुतांशीं तळ्यांतच बसते. तळ्याखालीं गेलेल्या शिवारांचे जुने नकाशे, पाहणीखर्डे अगर बांधांचे निवाडे ज्या सभासदांच्या संग्रहीं असतील त्यांनीं कृपा करून नकला पाठवाव्या. त्यांवरून नदीचें मूळ पात्र ठरवून सांचलेला गाळ ताडतां येईल.