बॅगपाइप

एक सुषिर वाद्य. चामड्याच्या पिशवीत हवा साठवून ती काखेच्या दाबाने पत्ती बसविलेल्या नळ्यांतून सोडणे, हे या वाद्यवर्गाचे प्रमुख लक्षण होय. वादकाचा श्वास व वाद्याचा नाद यांच्यामध्ये पिशवी आल्यामुळे वादक श्वास घेत असतानाही नाद खंडित होत नाही. उत्तर भारतात या वाद्यास ‘मशक’ किंवा ‘मशकबीन’ म्हणतात. पाणी वाहण्याची कातडी मशक मराठी वाचकांस परिचित आहे. वाद्याची पिशवीही मुळात तशीच, शेळी-मेंढीचे सबंध कातडे शिवून वा बांधून केलेली असे.

रचना व वादनतंत्र : या वर्गातील सर्वांत प्रसिद्ध प्रकार स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशातील होय. त्याच्या पिशवीस पाच नळ्या जोडलेल्या असतात. फुंकनळीतून वादक हवा भरतो. हवा उलट येऊ नये म्हणून तिच्या आतील टोकास झडप असते. बोटांची छिद्रे असलेल्या स्वरनळीवर धून वाजते. तिचे पोकळ शंकूच्या आकाराचे असून तीत सनईप्रमाणे दुहेरी पत्ती असते. उरलेल्या तीन आधारनळ्या वादकाच्या खांद्यावर टेकतात. त्यांत एकेरी पत्ती असते व त्या अखंड आधारस्वर देतात. दोन नळ्यांचा स्वर स्वरनळीच्या षड्जाच्या एक सप्तक खाली, तर तिसरीचा दोन सप्तके खाली असतो. नळ्या पूर्वी स्थानिक लाकडाच्या करीत. पुढे आफ्रिकेतील काळे लाकूड वापरात आले. हे झाड आपल्या शिसवाच्याच प्रजातीतील आहे. पाकिस्तानातील सियालकोट येथे ही वाद्ये मोठ्या प्रमाणावर तयार होतात व तेथे शिसमाचे लाकूड वापरतात.

स्वरनळीवर नऊच स्वर निघतात. त्यांची मांडणी भारतीय परिभाषेत सांगावयाची, तर मंद्र कोमल निषादापासून तार षड्जापर्यंतचा खमाज थाट, अशी सांगता येईल. पत्ती वादकाच्या ओठांत नसल्यामुळे जिभेने स्वर तोडता येत नाही, नाद लहान-मोठा करता येत नाही आणि मध्ये विराम घेता येत नाही. एकच स्वर लागोपाठ दोनदा वाजवावयाचा असल्यास मध्ये दुसऱ्या स्वराचा निसटता कण घ्यावा लागतो. या कणस्वरांची काटेकोर योजना हेच या वादनाचे खरे कौशल्य. आधारस्वराची कल्पना तंबोऱ्याच्या सहवासात वाढलेल्या श्रोत्यास नवी नाही. मात्र तंबोरा गायकामागे मंद राहतो, तर या वाद्यात आधारस्वर धुनेच्याच जोराने नादतो.

इतिहास : रोमन सम्राट नीरो याने हे वाद्य लोकांपुढे वाजविण्याचा नवस केल्याचा उल्लेख स्विटोनिअस या चरित्रकाराने केला आहे, त्यावरून इ. स. पहिल्या शतकात ते रोममध्ये ज्ञात होते, असे दिसते. तेराव्या शतकापासून यूरोपातील हस्तलिखितांच्या चित्रांत ते वारंवार आढळते. स्पेनमधील गाइता, इटलीतील झांपोन्या, बाल्कन प्रदेशातील गायदा, तसेच कोपराने भाता दाबून वाजविला जाणारा आयर्लंडमधील प्रकार ही त्याची प्रादेशिक रूपे होत. यूरोपात ते प्रामुख्याने मेंढपाळ, जत्रा व लग्नकार्य यांचे वाद्य होते.

स्कॉटलंडमध्ये त्यास युद्धवाद्याचे स्थान मिळाले. टोळीप्रमुखांच्या पदरी वंशपरंपरागत वादक असत. १७४६ मधील कलोडनच्या लढाईनंतर जेम्स रीड या वादकास यॉर्क येथे फाशी देण्यात आले. आपल्याजवळ शस्त्र नव्हते, हा त्याचा बचाव न्यायालयाने मानला नाही. बॅगपाइप हेच युद्धाचे साधन ठरले. पुढे याच डोंगरी लोकांच्या पलटणी ब्रिटिश सैन्यात उभारल्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर हे वाद्य भारतात आले.

दख्खनमधील आगमन : मराठवाडा व वऱ्हाड यांच्या इतिहासाशी या वाद्याचा संबंध १८०३ च्या दुसऱ्या इंग्रज-मराठे युद्धात आला. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असई (सध्याचा जालना जिल्हा) येथे दौलतराव शिंदे व रघूजी भोसले यांच्या फौजांशी आर्थर वेलस्ली याची लढाई झाली. तीत ७४ व्या व ७८ व्या या दोन स्कॉटिश पलटणी होत्या. ७८ व्या पलटणीतील एका पाइपवादकाची हकीकत कर्नल डेव्हिड स्ट्यूअर्ट याने १८२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नोंदली आहे. असईच्या रणात वादकांनी जखमींना मागे न्यावे, असा हुकूम होता. तो आपल्यालाही लागू आहे, असे समजून या वादकाने वाद्य खाली ठेवले व जखमींची सेवा केली. नंतर सोबत्यांनी त्याला दूषणे दिली : बासरी वाजविणाऱ्यांनी पिछाडीस जावे, पाइपवाल्याने नव्हे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगाव (अकोला जिल्हा) येथील लढाईत त्याने एवढ्या आवेशाने वादन केले, की शिपाई हुकुमापूर्वीच धावून जाऊन रांग मोडतील, अशी भीती निर्माण झाली व अधिकाऱ्यास त्याचे वादन थांबवावे लागले. जखमींना उचलणे हा कमीपणा व वाद्य चालू ठेवणे हा मान, असे समजणाऱ्या पलटणींच्या दृष्टीत या वाद्याचे स्थान काय होते, हे या हकीकतीवरून कळते. दख्खनच्या गावकऱ्यांना हे वाद्य प्रथम ऐकू आले, ते अशा आक्रमक सैन्याच्या अग्रभागी.

भारतातील समान वाद्ये : तथापि पिशवीचे वाद्य भारतास सर्वस्वी परके होते, असे नाही. राजस्थानात भैरूजीचे भोपे मशक वाजवीत आले आहेत. आंध्र-तेलंगणात ‘तित्ती’ हे शेळीच्या कातड्याचे वाद्य कथागायनास आधारस्वर देते. कॅप्टन सी. आर. डे याने दक्षिण भारत व दख्खन यांच्या संगीतावरील १८९१ मधील ग्रंथात ‘श्रुती उपांग’ या नावाने अशाच वाद्याचे वर्णन केले आहे.

अखंड नादाचा प्रश्न महाराष्ट्रातील लोकवादकांनी पिशवीवाचून सोडविला. सनईवादक गाल फुगवून त्यांत हवा साठवितो व ती बाहेर पडत असतानाच नाकाने श्वास घेतो. त्याचा साथीदार ‘सूर’ या वाद्यावर केवळ आधारस्वर धरून ठेवतो. बॅगपाइपच्या पिशवीचे व आधारनळ्यांचे कार्य अशा रीतीने दोन माणसांत वाटलेले असते. गारुड्याच्या पुंगीत, वारल्यांच्या तारप्यात व कोकणा जमातीच्या पावरीत हवेचा साठा वाळलेल्या भोपळ्यात होतो. भोपळा दाबता येत नाही, म्हणून येथेही वादकास गालांचा आश्रय घ्यावा लागतो. हंगामाच्या अखेरीस तारपावादकाभोवती नर्तकांची साखळी फिरते आणि त्याने चाल बदलली की पावले बदलतात.

सांस्कृतिक स्थान : ब्रिटिश सैन्यातून भारतीय पलटणींत रुजलेले हे वाद्य हिमालयाच्या पायथ्याशी लोकवाद्य बनले. कुमाऊं व गढवालमधील निवृत्त सैनिकांनी ते गावी नेले. तेथे मशकबीन लग्नाच्या वरातीत ढोल व दमाऊ यांच्यासह वाजते. मराठवाड्यात तसे घडले नाही. जिंतूरच्या पूर्वेस असलेले हिंगोली (१९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यात) हे हैदराबाद कंटिंजंट या फौजेचे १९०३ पर्यंत मोठे ठाणे होते. त्या फौजेच्या पलटणींतून १९२२ मध्ये १९ वी हैदराबाद रेजिमेंट बनली. पुढे तिची भरती मुख्यतः कुमाऊं व उत्तर भारतातून होऊ लागली व १९४५ मध्ये तिला कुमाऊं रेजिमेंट हे नाव मिळाले. छावणी उठली आणि भरतीही डोंगराकडे गेली. ज्या मार्गाने हे वाद्य कुमाऊंच्या खेड्यांत पोहोचले, तो मार्ग मराठवाड्यापुरता असा बंद झाला. शिवाय लग्नमंडप व देवालय येथील जागा सनई व सूर यांनी आधीच व्यापली होती.

त्यामुळे महाराष्ट्रात बॅगपाइप गणवेशातच राहिला. लष्करी संचलने आणि शालेय वाद्यपथके यांत तो ऐकू येतो. प्रजासत्ताक दिनानिमित्त होणाऱ्या राष्ट्रीय शालेय वाद्यवृंद स्पर्धेत पाइप बँडचा स्वतंत्र गट असतो. २९ जानेवारीस दिल्लीच्या विजय चौकातील समारंभातही पाइप व ढोल यांची पथके भाग घेतात. जे वाद्य असईस परकीय फौजेपुढे चालले, ते आज स्वतंत्र राष्ट्राच्या सैन्याचे आहे. या वाद्यास राजमान्यता, गणवेश व शिक्षणाची सोय लाभली. त्याच तत्त्वावर नादणाऱ्या सूर, तारपा व पावरी या वाद्यांची विद्या मात्र प्रामुख्याने घराघरांतून व वस्त्यांतून, ऐकून व पाहूनच पुढे जात आली आहे. वादकाच्या घरातील पुढच्या पिढीने ती घेतली नाही, तर ती टिकविणारी दुसरी व्यवस्था सहसा नसते.